९९.३ टक्के अ‍ॅक्युरसी आली, तरी "यात नवीन काय?" : एआय आणि सायबर सुरक्षेत पीएच.डी. करणाऱ्या नागपूरच्या एका शिक्षकाला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय ३४, नागपूरजवळच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात सहा वर्षांपासून सहायक प्राध्यापक, आठवड्याला १८ तासांचं लोड आणि त्यातून वेळ काढून अर्धवेळ पीएच.डी. एनएसएल-केडीडी या नेटवर्क-नोंदींच्या डेटासेटवर सीएनएन आणि एलएसटीएम हे डीप लर्निंगचे दोन प्रकार जोडून तुम्ही नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणारं मॉडेल केलं. ९९.३ टक्के अ‍ॅक्युरसी आली. पण प्रगती अहवालाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, "यात नवीन काय?" आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. गाईड म्हणतात, मॉडेल बदला, ट्रान्सफॉर्मर हा नवा प्रकार लावून पाहा. आता तुम्ही विचारता की सायबर सुरक्षा सोडून सरळ एआयकडे वळावं का, आणि या वयात, नागपुरात बसून, या क्षेत्रात संशोधक म्हणून उभं राहता येतं का.

मी २००२ पासून नागपुरात कॉम्प्युटर सायन्स शिकवते. माझीही पीएच.डी. नोकरी करतच झाली, विषय तुमच्या शेजारचाच होता, आणि पुढे सात जणांना मी गाईड केलं. त्यामुळे तुम्ही आज ज्या जागी उभे आहात ती जागा मला आतून-बाहेरून माहीत आहे.

एआय की सायबर, हा तुमचा खरा पेच आहे असं मला वाटत नाही. त्या तज्ज्ञांच्या प्रश्नाचा रोखही अल्गोरिदमकडे नसावा. त्यांना बहुधा विचारायचं होतं: तुमच्या कामामुळे कोणत्या माणसाची कोणती अडचण सुटली? याचं उत्तर ट्रान्सफॉर्मर लावून मिळणार नाही. मॉडेल बदलून तुम्ही ९९.३ चे ९९.५ कराल आणि पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा समोर येईल.

आधी डेटासेटकडेच पाहू, कारण मूळ तिथे आहे. १९९८ साली अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेनं डार्पा या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेसाठी एक कृत्रिम नेटवर्क उभं केलं आणि त्यावर ठरवून हल्ले चालवले. त्या नोंदींतून १९९९ च्या स्पर्धेसाठी केडीडी कपचा डेटासेट निघाला. प्रत्येक नोंदीत ४१ गुणधर्म, आणि ट्रेनिंगमध्ये सुमारे ४९ लाख नोंदी. पुढे लक्षात आलं की त्यातल्या ७८ टक्के नोंदी हुबेहूब पुन्हा आलेल्या आहेत. २००९ मध्ये त्या गाळून एनएसएल-केडीडी तयार झाला. म्हणजे चाळणी नवी, धान्य मात्र १९९८ चंच. तेव्हा आपल्याकडे व्हीएसएनएलच्या डायल-अपवर मॉडेम कुरकुरत कनेक्शन लागायचं.

मूळ केडीडीतल्या निम्म्याहून जास्त नोंदी एकाच हल्ल्याच्या आहेत, स्मर्फच्या. बळीच्या नावानं एका पत्त्यावर पाठवलेला संदेश राउटर अख्ख्या नेटवर्कला वाटतो आणि सगळ्यांची उत्तरं एकदम बळीवर कोसळतात, असा तो हल्ला. पण राउटरनं असे संदेश आपणहून पुढे पाठवू नयेत हा नियम १९९९ मध्येच बदलून झाला. दार बंद झालं आणि त्या दारातून येणाऱ्या चोराला ओळखायला आपण वर्षानुवर्षं मॉडेल शिकवत राहिलो.

इथे एक गोष्ट तुम्हाला आज संध्याकाळीच तपासता येईल. तुमचे ९९.३ नक्की कुठल्या फाईलवर आले? ट्रेनिंगचीच फाईल ८०-२० अशी कापून, म्हणजे ८० टक्क्यांवर शिकवून उरलेल्या २० वर तपासून आले असतील, तर ते आकडे थीसिसमध्ये ठेवू नका. केडीडीटेस्ट-प्लस ही तपासणीची फाईल वेगळी आहे आणि तिच्यात ट्रेनिंगमध्ये नसलेले हल्लेही मुद्दाम ठेवले आहेत. ज्यांनी हा डेटासेट तयार केला त्यांच्या स्वतःच्या तुलनेत सगळ्यात चांगलं मॉडेलसुद्धा तिथे ८२ टक्क्यांच्या आसपास थांबलं होतं. तुमचं मॉडेल तिथे घसरलं तर वाईट वाटून घेऊ नका. ते का घसरलं, कुठल्या हल्ल्यावर घसरलं, हा तुमच्या हातातला पहिला खरा निष्कर्ष असेल.

आता माझा अनुभव सांगते. माझंही मॉडेल ९९ च्या पुढे होतं. पीएच.डी.च्या मध्यावर मी हट्टानं ते एका संस्थेच्या कॅम्पस नेटवर्कवर रीतसर परवानगी घेऊन चालवून पाहिलं. महिन्याभरानं नेटवर्क रूममध्ये गेले, तर तिथले सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणाले, "मॅडम, सॉफ्टवेअर तुमचं चांगलं आहे जी, पण दिवसाला इतके अलर्ट येऊन राहिले की आम्ही पाहणंच सोडून दिलं." त्या वाक्यानं माझ्या पीएच.डी.ची दिशा बदलली. चार वर्षं मी ज्यांच्यासाठी काम करत होते, त्या माणसाशी मी पहिल्यांदाच बोलत होते.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. तुम्हीही मांडा. समजा नेटवर्कवर दिवसाला १० लाख कनेक्शन होतात आणि त्यातली १०० खरोखर वाईट आहेत. मॉडेल वाईटातली ९९ टक्के पकडतं आणि चांगल्यातल्या फक्त १ टक्क्याला चुकून वाईट म्हणतं. ऐकायला उत्तम. पण वाईट १०० पैकी सापडली ९९, आणि चांगल्या ९,९९,९०० पैकी चुकून धरली गेली ९,९९९. एकूण अलर्ट १०,०९८, त्यातले खरे ९९. शंभर वेळा घंटा वाजली तर एकदा चोर, नव्व्याण्णव वेळा मांजर. एका अलर्टला दोन मिनिटं धरली तरी ३३६ तासांचं काम झालं, आणि दिवस २४ तासांचा आहे. निदान निम्मे अलर्ट खरे निघायला हवे असतील, तर चुकीचं प्रमाण १ टक्क्यावरून दहा हजारात एक इतकं खाली यावं लागतं.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. काहीच न करता प्रत्येक कनेक्शनला "चांगलं" म्हणणाऱ्या मॉडेलची अ‍ॅक्युरसी किती? ९९.९९ टक्के. तुमच्या मॉडेलपेक्षा जास्त. म्हणून आपल्या क्षेत्रात नुसती अ‍ॅक्युरसी सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. प्रिसिजन (अलर्टपैकी खरे किती) सांगा, रिकॉल (वाईटापैकी पकडले किती) सांगा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवसाला किती खोटे अलर्ट येतील ते सांगा. नेटवर्क रूममधल्या माणसाला कळणारा आकडा तो एकच.

हे मी शोधलं नव्हतं. स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्येच हे गणित घुसखोरी ओळखण्याच्या संदर्भात मांडलं होतं. २०१० मध्ये रॉबिन सॉमर आणि व्हर्न पॅक्सन यांनी एका पेपरात विचारलं की मशीन लर्निंग इतर क्षेत्रांत इतकं यशस्वी असताना प्रत्यक्ष नेटवर्कच्या सुरक्षेत ते इतकं कमी का वापरलं जातं. पॅक्सन म्हणजे ज्यांनी ब्रो हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलं, जे २०१८ पासून झीक या नावानं ओळखलं जातं आणि खऱ्या नेटवर्कवर रोज चालतं. म्हणजे हा प्रश्न टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाचा आहे. त्यांची कारणं अशी: इथे चूक फार महाग पडते, शिकवायला योग्य डेटा मिळत नाही, "नेहमीचं" ट्रॅफिकसुद्धा रोज वेगळं दिसतं, आणि "हे विचित्र आहे" यातून "हे धोकादायक आहे" असं आपोआप ठरत नाही. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कोड उघडण्याआधी मी हा पेपर वाचायला लावते.

आता सायबर सोडून एआयकडे वळण्याबद्दल. मी स्वतः हे करणार नाही, आणि त्याचं कारण आपल्याच विदर्भातलं आहे. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याची दोन जनुकांची आवृत्ती आली, आणि बोंडअळीचा प्रश्न मिटला असं वाटलं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पराटी पोखरून टाकली. बियाण्यातलं विष तेच होतं, अळी बदलली होती. मांजराचा फोटो ओळखणाऱ्या मॉडेलला ही धास्ती नसते. मांजर आपला चेहरा बदलून मॉडेलला फसवायला बसलेलं नसतं. सुरक्षेत मात्र समोर अळी आहे, आणि ती तुमचं औषध पाहून बदलते. या एका गोष्टीमुळे आपलं क्षेत्र एआयच्या इतर उपयोगांहून वेगळं ठरतं, आणि सगळे चांगले प्रश्नही तिथूनच निघतात.

त्याचा परिणाम प्रयोगाच्या मांडणीवर होतो. आपण सवयीनं सगळा डेटा पत्त्यांसारखा पिसतो आणि ८०-२० वाटतो. त्यात होतं असं की मॉडेल उद्याचे हल्ले पाहून कालचे हल्ले ओळखायला शिकतं. २०१९ मध्ये टेसरॅक्ट नावाच्या कामात अँड्रॉइड मालवेअरवर नेमकं हेच दाखवलं गेलं. जुन्या अ‍ॅपवर शिकवून नंतरच्या काळातल्या अ‍ॅपवर तपासलं की नावाजलेल्या मॉडेलांचेही आकडे खाली येतात, आणि जसजसे महिने जातात तसतसे आणखी खाली जातात. हे वाचल्यापासून आमच्याकडे एकच नियम आहे. डेटा तारखेनं कापायचा. जानेवारी ते जूनवर शिकवायचं, जुलैवर तपासायचं, मग ऑगस्टवर, मग सप्टेंबरवर. आलेख उतरताना दिसेल. तो का उतरतो आणि त्याला कसं सावरायचं, यावर एक अख्खी पीएच.डी. उभी राहू शकते.

नागपुरात बसून काय करता येईल, तर माझ्या मते सगळ्यात चांगली संधी भाषेत आहे. "आज रात्री साडेनऊला तुमचं लाईट कट होईल, या नंबरवर कॉल करा," असे मेसेज आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आले आहेत. मग लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल यायला लागली, मग आरटीओचं चलान म्हणून. मजकूर कधी हिंदीत, कधी मराठीत, कधी रोमन लिपीतल्या मराठीत, आणि एकाच वाक्यात तिन्ही मिसळलेले. फिशिंगवरच्या, म्हणजे असल्या फसवणुकीवरच्या पेपरांचा फार मोठा भाग इंग्रजी ईमेलवर आहे. काटोलच्या शेतकऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज त्यात कुठेच नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीनं हा विषय घेतला. सुरुवातीला तिला तो "छोटा" वाटत होता, कारण त्यात भारी गणित दिसत नव्हतं. दोन वर्षं तिनं कॉलेजचे कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, बचत गटातल्या बाया यांच्याकडून त्यांच्या लेखी संमतीनं फसवे मेसेज गोळा केले, प्रत्येकावर तारीख टाकली, नावं आणि नंबर काढून टाकले. तारखा असल्यामुळे तिला दिसलं की फसवणाऱ्यांची गोष्ट काही महिन्यांनी बदलते, पण घाई करायला लावण्याची पद्धत तीच राहते. शब्दांवर शिकलेलं मॉडेल लवकर जुनं होत होतं. मागणी, मुदत आणि धमकी या सांगाड्यावर शिकलेलं मॉडेल जास्त टिकत होतं. तिच्या तोंडी परीक्षेत "यात नवीन काय?" असं कुणी विचारलं नाही. तिचा डेटा दुसऱ्या कुणाकडे नव्हताच.

मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच आहे. अल्गोरिदम बेंगळुरूच्या, बीजिंगच्या, बर्कलेच्या माणसाकडेही तोच आहे, आणि त्याच्याकडचं मशीन तुमच्यापेक्षा मोठं आहे. त्या शर्यतीत १८ तासांचं लोड घेऊन उतरू नका. तुमच्या हाताला लागेल असा आणि त्यांना मिळणार नाही असा प्रश्न निवडा, आणि त्याच्या मापाचं मॉडेल नंतर शोधा. कित्येकदा रँडम फॉरेस्टसारखं साधं मॉडेल पुरतं, आणि ते का पुरलं हे समजावून सांगता येणं हाच संशोधनाचा भाग असतो.

भाषेखेरीज दुसरी जागा म्हणजे कारखान्यांची नियंत्रण यंत्रणा. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारे छोटे कॉम्प्युटर आहेत, आणि त्यांतले बरेचसे आजही मॉडबस या प्रोटोकॉलवर बोलतात. मॉडबस १९७९ चा आहे. समोरून आलेली आज्ञा कुणाची, हे विचारण्याची सोयच त्याच्या मूळ रचनेत नाही. कुठलाही कारखाना चालू लाइनवर तुम्हाला हात लावू देणार नाही, आणि तो बरोबरच करेल. पण एक जुना पीएलसी, एक पंप, दोन टाक्या आणि एक लॅपटॉप एवढ्यात टेबलावर छोटी यंत्रणा उभी राहते. सिंगापूरच्या स्वॅट या जलशुद्धीकरण यंत्रणेचा २०१५ मधला डेटासेट संशोधकांना मागून मिळतो. ११ दिवसांच्या नोंदी आहेत, ७ दिवस नेहमीचे आणि ४ दिवस हल्ल्यांचे. तो आणि तुमचं टेबल यांची तुलना करता येईल. तुमच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचे कुणी सहकारी असतील, तर त्यांच्यासोबत चहा घ्या, बाकी मार्ग निघतो.

तिसरी जागा, खुद्द एआयवरचे हल्ले. तुम्हाला एआयची ओढ आहे म्हणून सांगते, सायबर न सोडता ती इथे पूर्ण होईल. फोटोत डोळ्याला न दिसणारा बदल करून मॉडेल फसतं हे २०१३ पासून ठाऊक आहे. २०१७ मध्ये दाखवलं गेलं की एखाद्या व्यक्तीची नोंद ट्रेनिंगमध्ये होती की नाही हे मॉडेलच्या उत्तरांवरून ओळखता येतं. दवाखान्याच्या डेटावर शिकवलेल्या मॉडेलबाबत ही किती गंभीर गोष्ट आहे, ते पाहा. आणि आता भाषेच्या मॉडेलांना वाचायला दिलेल्या कागदपत्रातच आज्ञा लपवून ठेवतात, ज्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. इथे स्पर्धा मोठी आहे आणि विषय महिन्यागणिक सरकतो. अर्धवेळ संशोधकाला त्याच्यामागे धावणं जड जातं. एखादा प्रश्न मराठीपुरता घेतलात, उदाहरणार्थ मॉडेलला इंग्रजीत घातलेलं सुरक्षेचं कुंपण देवनागरीत किंवा रोमन मराठीत टिकतं का, तर ते पेलण्यासारखं आहे.

परवानगीबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका तरुण शिक्षकानं थीसिससाठी म्हणून एका कार्यालयाच्या सर्व्हरवर न विचारता स्कॅन चालवला. हेतू चांगला होता, नुकसान काही झालं नव्हतं. तरी नोटीस आली, सहा महिने धावपळ झाली आणि संशोधनावरून त्याचं मन उडालं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवायचा प्रवेश आलाच, आणि तो लबाडीनं किंवा कपटानं केला तर कलम ६६ खाली गुन्हा ठरतो. लोकांचे मेसेज, नंबर, लॉग हाताळणार असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही समजून घ्या. "सर हो म्हणाले" याला परवानगी म्हणत नाहीत. काय गोळा करणार, कुठे ठेवणार, किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, हे लिहिलेला आणि सहीशिक्का असलेला एक कागद हवा. तोच कागद पुढे थीसिसमध्येही उपयोगी पडतो.

इथवर जे सांगितलं ते एकत्र करते, कारण पुढे विषय बदलतो: सायबर सोडू नका, तुमच्या आवाक्यातला आणि तुमच्याच आवाक्यातला प्रश्न शोधा, डेटा तारखेनं कापा, खोटे अलर्ट मोजा, आणि परवानगी लेखी घ्या.

पेपरचं. तुम्ही लिहिलंय की एका जर्नलनं १५ दिवसांत छापण्याची हमी देऊन ४० हजार रुपये मागितले आहेत. देऊ नका. सुरक्षेवरचा पेपर १५ दिवसांत कुणी प्रामाणिकपणे तपासू शकत नाही. ओपन अ‍ॅक्सेसची, म्हणजे पेपर सगळ्यांना मोफत वाचता यावा म्हणून लेखकाकडून फी घेणारी प्रामाणिक जर्नलं आहेत, पण ती आधी तपासतात आणि मग बिल पाठवतात. नाव मोठं असलं म्हणजे निर्धास्त राहावं असंही नाही. २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनसंस्थेचे ८,००० हून जास्त पेपर मागे घेतले गेले. त्यात आपल्या देशातल्या शिक्षकांचेही होते, आणि मागे घेतलेला पेपर बायोडेटावरून पुसता येत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय म्हणतो ते मात्र पीएच.डी. सेलमध्ये जाऊन लेखी विचारा, कारण तिथे फरक पडतो. आणि मान्य जर्नलांची यूजीसी-केअरची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "यादीत आहे ना, मग ठीक" ही कुबडीही आता नाही. जर्नल पारखायला स्वतःच शिकावं लागेल.

वाचायला पैसे लागत नाहीत, हे फार जणांना माहीत नसतं. सुरक्षेतल्या ज्या चार परिषदा जगभर पहिल्या मानल्या जातात, म्हणजे आयट्रिपलई एस अँड पी, युझनिक्स सिक्युरिटी, एसीएम सीसीएस आणि एनडीएसएस, त्यांतल्या युझनिक्स आणि एनडीएसएसचे सगळे पेपर मोफत वाचता येतात. २०२५ च्या सुरुवातीपासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं सरकारी संस्थांना खुली झाली. तुमचं कॉलेज खासगी असल्यामुळे ती थेट मिळणार नाहीत, पण व्हीएनआयटीसारख्या सरकारी संस्थेत किंवा विद्यापीठात ओळख काढून अधूनमधून ग्रंथालयात बसता येतं. छापून येण्यासाठी लगेच त्या चौघींकडे डोळे लावू नका. आयसीआयएसएस ही माहिती सुरक्षेवरची परिषद २००५ पासून भरते आहे, तिथे पाठवा. रिव्ह्यू कडक येतील, पण त्यांतून शिकायला मिळेल.

पाठवण्याआधी एक गोष्ट करा. २०२२ मध्ये युझनिक्स सिक्युरिटीत डॅनिएल आर्प आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. सुरक्षेत मशीन लर्निंग वापरताना होणाऱ्या दहा चुका त्यात सांगितल्या आहेत. त्यांनी नामवंत परिषदांतले ३० पेपर तपासले आणि प्रत्येकात यातल्या किमान तीन चुका सापडल्या. ते दहा मुद्दे कागदावर लिहून आपल्या पेपरासमोर ठेवा आणि एकेकावर खूण करत जा. माझ्याकडच्या मुलांना हे केल्याशिवाय मी सबमिट करू देत नाही, आणि माझ्या स्वतःच्या पेपरांनाही तोच नियम आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पहिली, तुमचे गाईड. त्यांना थेट "विषय चुकलाय" म्हणू नका. त्यांनीही चांगल्याच हेतूनं सांगितलं असेल, आणि मंजूर झालेलं शीर्षक बदलायचं म्हणजे त्यांच्या मागे कागदांची रांग लागते. शीर्षक तेच ठेवून प्रश्न आत बदलता येतो का ते आधी पाहा. "घुसखोरी ओळखण्यासाठी डीप लर्निंग" या शीर्षकाखाली खोट्या अलर्टवरचं आणि काळानुसार जुनं होणाऱ्या मॉडेलवरचं काम सहज बसतं. दोन आलेख घेऊन जा. केडीडीटेस्ट-प्लसवरचा घसरलेला आकडा आणि तुमच्याच नेटवर्कवरचे दिवसाचे खोटे अलर्ट. वाद घालण्यापेक्षा आलेख समोर ठेवणं कधीही बरं. तरी ते अडून बसले तर मात्र माझा सल्ला लागू पडणार नाही. मग आहे त्या डेटावर प्रामाणिक मापन करून पदवी पूर्ण करा आणि मनातलं काम नंतर हाती घ्या. तेही सन्मानाचंच आहे.

दुसरी, वेळ. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रवेशापासून सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. तुमचं तिसरं चालू आहे, म्हणजे वळायला वेळ आहे, पण तो याच वर्षी. पाचव्या वर्षी हेच पत्र आलं असतं तर मी तुम्हाला वळू नका म्हणाले असते.

तिसरी, घर. मी रजिस्टर झाले तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. सासूबाईंनी शनिवार सकाळ माझ्या नावावर करून दिली, सात ते बारा, आणि ती कुणी मोडायची नाही असा दंडक घातला. पाच तास आठवड्याला ऐकायला थोडे वाटतात. पण वर्षाचे ते अडीचशे तास होतात, आणि तेवढ्यात एक पेपर होतो. तुमच्या घरी कोण ती सकाळ सांभाळेल हे मी ठरवू शकत नाही, पण पत्नीशी याच आकड्यांत बोला. तुमचं काम किती चालणार हे त्यांना कळलं की ओझं वाटून घेता येतं.

३४ हे वय उशिराचं नाही. मी ३९ व्या वर्षी डॉक्टर झाले.

शहराबद्दलही तुम्ही विचारलंत. व्हीएनआयटी १९६० पासून इथे आहे, ट्रिपलआयटी २०१६ मध्ये आली, राज्याच्या पोलिसांसाठी एआयवर काम करणारी मार्वल ही कंपनी २०२४ मध्ये इथेच सुरू झाली. पण मला नागपूरचं बळ वेगळ्याच गोष्टीत दिसतं. इथे बँकेच्या आयटी विभागातला माणूस, महावितरणमधला इंजिनिअर, सायबर पोलीस ठाण्यातला अधिकारी यातला कुणी ना कुणी तुमच्या विद्यार्थ्याचा काका किंवा तुमचा बॅचमेट निघतो. मोठ्या शहरात तीन महिन्यांनी मिळणारी भेट इथे रामदासपेठेत तर्री-पोहे खाताना होऊन जाते. त्यांना डेटा मागू नका. "तुमचा दिवस कशात जातो, कुठे वैताग येतो?" एवढं विचारा आणि वहीत लिहून घ्या. माझ्या सात विद्यार्थ्यांपैकी पाच जणांचे विषय अशाच वह्यांतून निघाले.

तुमच्या जागी असते तर येत्या महिन्यात मी हे केलं असतं. पहिल्या आठवड्यात केडीडीटेस्ट-प्लसवर मॉडेल चालवून जो आकडा येईल तो लिहून ठेवला असता. मग प्राचार्यांकडून पत्र घेऊन कॉलेजच्या फायरवॉलचे लॉग मागितले असते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्या आणि सरकारी संस्थांना लॉग १८० दिवस जपायला लावले आहेत, त्यामुळे तुमच्याही नेटवर्क रूममध्ये सहा महिन्यांचे लॉग पडून असण्याची शक्यता बरी आहे. आणि उरलेले तीन शनिवार सिस्टिम अ‍ॅडमिनच्या शेजारी खुर्ची टाकून बसले असते. ते कुठला अलर्ट उघडतात, कुठला न पाहता बंद करतात, आणि बंद करताना त्यांना काय माहीत असतं जे तुमच्या मॉडेलला माहीत नाही, एवढंच पाहत.

केडीडीटेस्ट-प्लसचा आकडा आला की इथेच लिहा. तो ७६ आला तरी लिहा, आणि कुठल्या हल्ल्यांवर मॉडेल चुकलं त्याचा तक्ता सोबत टाका. तो पाहून पुढचं बोलू.